मेंढी पावसात का आटत नाही?

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की महाराष्ट्रातल्या नद्या, ओढे, कालवे आणि विहिरींच्या काठाला पांघरुणं येऊन पडतात. घटस्थापनेच्या आत घरातला एकूण एक धागा पाण्यातून निघालाच पाहिजे, असा दंडक आहे आणि तो मोडायची हिंमत भल्याभल्या नास्तिकांच्या घरातही होत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, टेम्पोतून, दुचाकीवर पुढेमागे बांधून गोधड्या, वाकळा, चादरी, सतरंज्या काठावर उतरतात. त्यांच्याबरोबर, वेगळी काही चौकशी न होता, घोंगडीही उतरते. मग गोधडीला जो न्याय तोच घोंगडीला: बुचकळणं, साबण घासणं, दगडावर धोपटणं, दोघींनी दोन टोकं धरून पीळ घालणं आणि शेवटी बाभळीच्या कुंपणावर उन्हात टाकणं. संध्याकाळी गोधडी घरी जाते तेव्हा ती गोधडीच असते. घोंगडीबद्दल अशी खात्री देता येत नाही. सकाळी तिच्यात दोन माणसं मावत होती, आता एकाचे पाय बाहेर राहतात. यावर घरात जो खल होतो त्यात विणकराला, मेंढीला, हल्लीच्या मालाला आणि क्वचित सुनेला दोष दिला जातो. माझं म्हणणं असं की यांपैकी कुणीही दोषी नाही. आपल्याला धुता उत्तम येतं, पण फक्त सुती कापड. सुताची विद्या लोकरीवर चालवायची आणि ती आटली की तिलाच बोल लावायचा, हा आपला जुना शिरस्ता आहे.

सुताने आपल्याला लाडावून ठेवलं आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. कापसाचा धागा ओला झाला की अधिक बळकट होतो, त्यामुळे त्याला पाण्यात घालून मारलेलं सोसतं. मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० साली बांधला तेव्हा त्यात प्रत्येक हौदाला कपडे आपटण्यासाठी दगड ठेवला होता. आपटणं हा धुण्याचा अपघात नसून मुख्य कार्यक्रम आहे, हे तिथे बांधकामातच मान्य केलेलं आहे. त्यात भट्टीची उकळी आणि धुण्याचा सोडा आला. सोडा हा अल्कली, आणि कापसाचं व अल्कलीचं फार चांगलं जमतं. इतकं की जॉन मर्सर नावाच्या इंग्रज गृहस्थाने सुताला कडक कॉस्टिक सोडा पाजला, तर सूत मरायच्या ऐवजी आणखी मजबूत झालं. १८५० साली त्याने त्याचं पेटंट घेतलं आणि आजही दुकानदार मर्सराइज्ड म्हणून ते कापड आपल्याला चार पैसे जास्त घेऊन विकतो. तोच कॉस्टिक सोडा पाच टक्क्यांच्या द्रावणात उकळून त्यात लोकरीचा तुकडा टाकला, तर काही मिनिटांत तो विरघळून नाहीसा होतो. कापडात लोकर किती आहे हे तपासण्याची ती प्रयोगशाळेतली मान्य रीत आहे. घरोघरी हीच तपासणी थोड्या सौम्य प्रमाणात, दर वर्षी, नकळत चालू असते. भौगोलिक मानांकन मिळवलेली सोलापुरी चादर आणि त्याच मुलखातली सणगरांनी विणलेली घोंगडी एकाच बादलीत घालताना आपण शेजारधर्म तेवढा पाळतो, रसायनशास्त्र पाळत नाही.

लोकर म्हणजे केस, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर बाकीचं आपोआप सुचावं. गंमत अशी, की केस कसे धुवावेत याचं ज्ञान या देशाला कुणी शिकवायची गरज नाही. शिकेकाई आणि रिठा ही दोन्ही सौम्य, किंचित आम्लधर्मी द्रव्यं आपण पिढ्यान्‌पिढ्या डोक्याला लावत आलो. आजही शांपूच्या जाहिरातीत केसांच्या मुळांची, टोकांची, ओलाव्याची एवढी काळजी वाहिली जाते की बघणाऱ्याला भरून येतं. न्हाऊन आलेल्या मुलीचे केस कुणी दगडावर धोपटत नाही, दोघींनी टोकं धरून पिळत नाही आणि त्यांना कपड्यांच्या पावडरीत तासभर भिजवत नाही. मेंढीच्या केसांना मात्र हे सगळं होतं, कारण ते विणलेले आहेत आणि विणलेलं ते सगळं कापड, अशी आपली समजूत. कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरी अल्कलीच्या बाजूला चांगल्याच झुकलेल्या असतात. डाग पळवणाऱ्या भारी पावडरीत तर प्रथिनं पचवणारी एन्झाइम्सही घातलेली असतात. दह्याचा, अंड्याचा, रक्ताचा डाग हे प्रथिन, म्हणून ती त्याला खातात. लोकर म्हणजे केराटिन, तेही प्रथिनच. डाग कुठे संपतो आणि पांघरूण कुठे सुरू होतं, हे त्या एन्झाइमला कुणी सांगितलेलं नसतं. ब्लीचबद्दल तर बोलायलाच नको. पांढरं कांबळं आणखी पांढरं करण्यासाठी ज्यांनी ब्लीच वापरलं, त्यांचा रंगाचा प्रश्न कांबळ्यासकट सुटला.

आता आटण्याकडे येऊ. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले, आणि सगळ्यांचं तोंड मुळाकडून टोकाकडे. त्यामुळे तंतू एका दिशेने सहज सरकतो, उलट्या दिशेने अडकतो. गरम पाण्याने तो फुगून मऊ होतो, अल्कलीने खवले आणखी उघडतात, आणि मग चोळणं, आपटणं किंवा मशीनचं घुसळणं सुरू झालं की हजारो तंतू थोडे थोडे पुढे सरकत जातात आणि एकमेकांत अडकून बसतात. मागे येण्याची सोय नाही. शेवटी जे होतं त्याला आपण डोक्यावर झालं तर जट म्हणतो आणि पांघरुणावर झालं तर विणकराची लबाडी. लोक पाण्याच्या गरमपणावर सगळं खापर फोडतात, ते अर्धंच खरं आहे. उष्णता, ओल आणि घर्षण ही तिघं मिळून हे काम करतात आणि तिघांत घर्षणाचा हात मोठा. कोमट पाण्यात नुसतं पडून राहिलेलं कांबळं फारसं बिघडत नाही, थंड पाण्यात जोर लावून घासलेलं बिघडतं. (म्हणून भिजत घोंगडं राजकारणात असतं तेवढं घातक धुण्यात नसतं. पण तासन्‌तास भिजवूनही उपयोग काही होत नाही, याबाबतीत दोन्हींचं जमतं.)

हे कुणाला अतिशयोक्त वाटत असेल तर त्याने काश्मीरचा नमदा पाहावा. नमद्याला विणतच नाहीत. लोकर पसरायची, तिच्यावर साबणाचं पाणी शिंपडायचं, गुंडाळी करायची आणि पायाने तुडवत पुढेमागे लोळवायची. लोकर आवळून तिचा जाड गालिचा तयार होतो. म्हणजे पाणी, साबण आणि मार यांच्या जोरावर काश्मिरी कारागीर जी वस्तू पोटासाठी, मुद्दाम आणि कौशल्याने बनवतो, तीच आपण घरच्या मशीनमध्ये पाऊण तासात बनवतो आणि वर रडतो. यावर एखादा इतिहासप्रेमी म्हणेल, रोमन लोकांचे झगे लोकरीचेच होते, ते धुवायचेच ना? धुवायचे. रोममधले परीट ते झगे हौदात घालून तुडवत आणि त्या पाण्यात शिळं मूत्र घालत, कारण त्यात अमोनिया असतो. सम्राट व्हेस्पेशियनने तर त्या मूत्रावर कर बसवला होता. पण हे परीट नव्या कापडाची वीण आवळून घट्ट करायचं कामही करत आणि किती तुडवलं की थांबायचं हे त्यांच्या पायांना ठाऊक असे. मशीनला ते ठाऊक नसतं. मशीनला शिट्टी वाजवण्याची वेळ तेवढी ठाऊक असते.

आता सर्वांत जुना आणि सर्वांत हुशार आक्षेप. तो साधारण सातवीतला मुलगा घेतो आणि बाप त्याला गप्प करतो: मेंढी आयुष्यभर पावसात भिजते, मग ती का आटत नाही? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याच्या उत्तरात सगळी पाककृती आहे. मेंढीच्या अंगावरच्या प्रत्येक केसाचं मूळ कातडीत रोवलेलं असतं आणि सगळे केस एकाच दिशेला तोंड करून उभे असतात, त्यामुळे सरकून दुसऱ्यात घुसायला त्यांना वाव कमी. शिवाय त्यांच्यावर लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीतल्या नैसर्गिक मेणचट द्रव्याचा थर असतो. पावसाचं पाणी गार असतं. आणि मुख्य म्हणजे पाऊस थांबल्यावर धनगर मेंढी पिळत नाही. लोकर कातरण्याआधी तो तिला ओढ्यात घालून धुतो, पण गार वाहत्या पाण्यात, साबणाशिवाय, आणि बाहेर आल्यावर मेंढी स्वतःच अंग झाडून टाकते. एवढं केलं की धुणं झालं. दख्खनच्या पठारावरचा धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतो आणि पावसाच्या आत वर येतो. त्याच्या खांद्यावरची घोंगडी दव, धूळ, चिखल आणि वळवाचा पाऊस यांतून जाते, तरी टिकते, कारण ती भिजते पण चोळली जात नाही. हीच घोंगडी शहरातल्या फ्लॅटमध्ये, जिथे दवही नाही आणि चिखलही नाही, पहिल्या स्वच्छता मोहिमेत बळी जाते.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते आणि जाड तंतू बारीक तंतूइतक्या लवकर जटा धरत नाही. म्हणूनच आपल्या घोंगड्यांनी इतकी नवरात्रं सोसली आणि म्हणूनच आपल्याला आपल्या पद्धतीबद्दल इतका आत्मविश्वास आला. नव्या घोंगडीत विणताना लावलेली चिंचोक्याची खळ असते. ती पहिल्या पाण्यात निघते, घोंगडी जरा मऊ पडते आणि धुणाऱ्याला वाटतं की बघा, धुतलं की सुधारली. हा आत्मविश्वास घेऊन घरात मेलबर्नहून मुलाने आणलेलं मेरिनोचं ब्लँकेट हाताळलं जातं. मेरिनोचा तंतू अतिशय बारीक, वीस मायक्रॉनच्या आसपासचा. माणसाचा केससुद्धा त्याच्या तिपटीहून जाड असतो. त्याला घोंगडीचा न्याय लावला की डबल बेडचं ब्लँकेट बाहेर येतं ते पाळण्याच्या मापाचं. काही घरांत हा शुभशकुन मानून मुलाला विचारणा केली जाते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो, म्हणून त्याचा आवाज मोठा असतो: आम्ही आमचं वुलन ब्लँकेट दर वर्षी मशीनला लावतो, गरम पाण्यात, आणि त्याला काही म्हणता काही झालेलं नाही. यावर वाद घालू नये. ब्लँकेटचा एक धागा उपसावा आणि चिमट्यात धरून, सिंकवर, जाळून पाहावा. खरी लोकर कुरकुरत जळते, ज्योत काढली की बहुधा विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि बोटांत चुरडली जाणारी काळी राख उरते. धागा वितळून त्याची टणक गोळी झाली, तर ते अॅक्रिलिक किंवा पॉलिस्टर आहे. ते आटणार कशाने? त्यात मेंढीचा संबंध दुकानातल्या पाटीपुरताच होता. ज्याला मिंक ब्लँकेट म्हणतात त्यातही मिंक नावाच्या प्राण्याचा केस नसतो, आणि ते प्राण्याच्या हिताचंच आहे. अशी पांघरुणं खुशाल मशीनला लावावीत, माझी त्याला हरकत नाही. फक्त त्यांच्या जोरावर शेजाऱ्याला लोकरीबद्दल सल्ला देऊ नये. मशीनमध्ये धुता येणारी खरी लोकरही मिळते, हे खरं आहे. पण तिचे खवले कारखान्यात क्लोरीनने झिजवून वर राळेचा पातळ लेप दिलेला असतो. म्हणजे आटण्याचं साधनच तिच्याकडून काढून घेतलेलं असतं. आजोबांच्या कांबळ्यावर असा कुठलाही संस्कार झालेला नाही. राहिलं मशीनवरचं ‘वूल’ हे बटण. ते खोटं नाही. पाणी थंड, ड्रम संथ, पीळ कमी, आणि एखादा स्वेटर त्यातून सुखरूप बाहेर येतो. पण भिजलेली घोंगडी आत गेली की वजनानेच ड्रम कण्हायला लागतो आणि मग जे आटतं ते मशीनचं आयुष्य.

तेव्हा लोकर धुण्याची उत्तम रीत म्हणजे ती शक्यतो न धुणं. हे वाक्य उच्चारल्याबरोबर सुसंस्कृत घरात शांतता पसरते आणि माणसाच्या अंगाला वास येतो का, याचा अंदाज घेतला जातो. पण हा विचार परका नाही, आपल्याच माजघरातला आहे. सोवळ्याचे नियम ज्यांनी पाळले त्यांनी सुती वस्त्र रोज धुऊन, कुणाचा हात न लागता वाळवलेलंच चालेल असा कडक नियम केला आणि त्याच नियमातून लोकरीच्या धाबळीला सूट दिली. धाबळी रोज न धुता सोवळ्याला चालायची. ज्या लोकांना सावलीने विटाळ होत होता, त्यांनासुद्धा न धुतलेली लोकर चालत होती, यावरून तिची योग्यता लक्षात यावी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर कापडागणिक वेगळी शुद्धी सांगितली आहे. कुतप नावाच्या कांबळ्यांना रिठा, जो आजच्या रसायनशास्त्रालाही मान्य व्हावा. रेशीम आणि मेंढीच्या लोकरीला मात्र खारी माती सांगितली आहे, म्हणजे पुन्हा अल्कलीच. मनू इथे चुकला. इतरत्र तो ज्या प्रमाणात चुकला आहे त्या मानाने ही चूक माफ करण्यासारखी आहे, निदान हिने नुकसान कांबळ्याचंच झालं.

न धुता स्वच्छ कसं राहील, याचं उत्तर लोकरीच्या स्वभावात आहे. ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के वाफ पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. रात्रभर अंगातून निघालेला दमटपणा ती अशी धरून ठेवते आणि सकाळी हवेवर टाकली की सोडून देते, त्याच्याबरोबर वासही बराचसा जातो. धूळ तंतूंत मुरत नाही, खवल्यांवर बसते, म्हणून झटकली की निघते. गच्चीच्या कठड्यावर टाकून वेताच्या छडीने किंवा हाताने थोपटलं आणि मऊ ब्रशने एका दिशेने झाडलं, की महिन्या दोन महिन्यांची सफाई झाली. खालच्या मजल्यावरचे वर बघतील, तेवढं सोसावं. आणि खरी युक्ती पांघरुणात नाहीच, पांघरूण आणि अंग यांच्या मधल्या जागेत आहे. तिथे एक सुती चादर घालायची. घाम, तेल, पावडर, खोकल्याचं मलम सगळं तिच्यावर. तिला वाटेल तेव्हा उकळा, आपटा, सोडा लावा, आपली सगळी पिढीजात हौस तिच्यावर भागवा. ही युक्ती रेल्वेची आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं, की ब्लँकेटं महिन्यातून निदान एकदा धुतात आणि अंथरुणाच्या संचात एक जादा चादर ब्लँकेटच्या आवरणासाठी म्हणून देतात. देशभर लोकांनी पहिल्या अर्ध्या वाक्यावर नाकं मुरडली. दुसरं अर्धं वाक्य कुणी वाचलं नाही आणि ती दुसरी चादर एसी डब्यात आजही उशीसाठी, पडद्यासाठी आणि बाजूच्या बर्थवरच्या काकांना नको असताना देण्यासाठी वापरली जाते. महिनाभर अनोळखी माणसांनी पांघरलेलं ब्लँकेट आणि घरचं ब्लँकेट यांत फरक आहेच, रेल्वेने अधिक वेळा धुतलं तर उत्तमच. पण तत्त्व म्हणाल तर रेल्वेचं बरोबर आहे, हे वाक्य लिहिण्याचा योग फार कमी लेखकांना येतो.

माझा पक्ष जिथे लंगडतो ती जागा लपवण्यात अर्थ नाही. ती म्हणजे कसर. लोकर खाणारा पतंग नव्हे, त्याची अळी. पतंगाला खायला धड तोंडच नसतं, त्यामुळे कपाटातून उडालेला पतंग टाळी वाजवून मारणारा माणूस गुन्हा घडून गेल्यावर पोचलेला असतो. अळीला अंधार, निवांतपणा आणि घामाने, अन्नाने माखलेली लोकर विशेष आवडते. स्वच्छ लोकरीवर तिचं पोषण नीट होत नाही. तेव्हा मळकं कांबळं तसंच घडी करून आठ महिने ट्रंकेत ठेवायचं आणि वर मी सांगितलेल्या तत्त्वज्ञानाचा आधार घ्यायचा, असं चालणार नाही. ठेवणीत टाकण्याआधी एकदा धुणं रास्त आहे. पण मग ते थंडी संपल्यावर, फाल्गुन-चैत्रात, जेव्हा हवा कोरडी असते आणि पांघरूण एका दिवसात सुकतं. घटस्थापनेच्या आधी आभाळ अजून दमट असतं, जाड लोकर दोन दोन दिवस ओली राहते, कुबट वास धरते आणि तो वास घालवायला पुन्हा धुतली जाते. देवीला स्वच्छता हवी आहे यात शंका नाही, पण आठ महिने ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर राहिलेल्या कांबळ्याला फक्त वारा दाखवला तर ती रागावेल असं वाटत नाही. डांबराच्या गोळ्या, बाय द वे, बंद ट्रंकेतच काम करतात, कारण काम वाफेचं असतं. उघड्या कपाटात चार गोळ्या टाकल्या तर अळीला त्रास होत नाही, पाहुण्यांना होतो. ज्यांना दमा किंवा धुळीची अॅलर्जी आहे त्यांनी मात्र माझं काही ऐकू नये. धुळीतले माइट मारायला ५५-६० अंशांचं पाणी लागतं आणि त्या पाण्यात लोकर जगत नाही. त्यांनी सुती गोधडी घ्यावी, पुन्हा पुन्हा उकळावी आणि सुखाने श्वास घ्यावा.

ड्राय क्लीनिंगवाल्याकडे देणं हा पैसेवाल्यांचा तोडगा. त्यात पाणी नसतं, द्रावक असतं, त्यामुळे आटण्याचं भय नाही. सॅटिनच्या काठाचं भारी ब्लँकेट जरूर द्यावं. घोंगडीच्या बाबतीत तिचं मेण जातं आणि बिल बघून आपलं उरलेलं. पावतीच्या मागे बारीक अक्षरात सगळी जबाबदारी गिऱ्हाइकाची असल्याचं छापलेलं असतं, ते देण्याआधी वाचावं. घेताना वाचून उपयोग नाही.

आणि पोराने रात्री दूध ओतलंच, किंवा त्याहून वाईट काही केलंच, तर धुवावं लागतं. टबात पाणी घ्यावं, हाताला गारच लागेल असं, फार तर कोमट. रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठी मिळणारा सौम्य द्रव साबण त्यात आधी मिसळावा, पांघरुणावर थेट ओतू नये. दहा मिनिटं बुडवून हाताने दाबावं आणि सोडावं. चोळण्यासाठी हात शिवशिवतील, त्यांना दुसऱ्या कामाला लावावं. खळबळण्याचं पाणीही तेवढ्याच उष्णतेचं असावं, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर. यानंतरचा क्षण सर्वांत धोक्याचा, कारण ओली लोकर कोरडीपेक्षा दुबळी असते आणि पाण्याने तिचं वजन दामदुप्पट झालेलं असतं. एका टोकाला धरून उचललं की तेच पांघरूण, जे आटेल म्हणून आपण घाबरत होतो, ते लांब होतं. दोन्ही हात खाली घालून उचलावं, जाड टॉवेलात गुंडाळून दाबावं आणि सावलीत आडवं पसरावं. दोरीवर नको, कडक उन्हात नको, ओली लोकर उन्हाने पिवळी पडते. यासाठी जगात बाजेसारखं साधन नाही: खालून वारा, वरून वारा आणि जागा पांघरुणाएवढी. शहरातल्या माणसाने बाज टाकून दिली आणि तिच्याऐवजी घडीचं स्टँड घेतलं, ज्यावर दोन टॉवेल आणि एक पश्चात्ताप वाळतो. तूप सांडलं तर पाणी लावण्याआधी वर बेसन भुरभुरावं, तासाने झाडावं. हळद सांडली तर मात्र तो डाग समजू नये. हळद लोकरीचा रंगच आहे, कारागीर ती मुद्दाम चढवतात. साबण लावला की ती लाल होते आणि घरात घबराट पसरते. ती उन्हाने हळूहळू फिकटते, पण लोकर उन्हात पिवळी पडते, म्हणजे शेवटी पिवळेपणा राहतोच, फक्त त्याचं कारण बदलतं.

आटून गेलेलं पांघरूण पुन्हा पूर्ववत होतं का, असं ज्यांना विचारायचं आहे ते बहुधा इथपर्यंत धीर धरून वाचत आले असतील. ताण निघाल्यामुळे थोडं आखूड झालं असेल तर केसांच्या कंडिशनरच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने ओढून, कडांना वजनं ठेवून वाळवलं की काही अंशी येतं. जट धरली असेल तर येत नाही. पण ज्याची जट झाली त्या लोकरीला एक नवा गुण येतो: ती कात्रीने कापली तरी धागे सुटत नाहीत, शिवण घालायची गरज नाही. इस्त्रीवाल्याच्या टेबलावर चादरीखाली असतं ते जाड कांबळं याच अवस्थेतलं चांगलं. पूजेला लोकरीचं आसन सांगितलं आहेच आणि एका आटलेल्या ब्लँकेटात चार आसनं आरामात निघतात, म्हणजे घरातली भक्ती अचानक चौपट होण्याची सोय. उरलेल्यातून बुटातले तळवे, गरम पातेल्याखालची चकती, मांजराची गादी. फक्त अर्धवट आटलेलं कापू नये, कडा विरतात. त्याला आधी पुरतं आटवून घ्यावं. कढत पाणी, मूठभर सोडा, मशीनचा सगळ्यांत मोठा कार्यक्रम, आणि मशीन नसेल तर ओढ्यावरचा दगड. दोन वेळा काढलं तर आणखी उत्तम, आणि आसनाची मापं मात्र दुसऱ्यांदा वाळल्यावरच घ्यावीत.